गेली काय वडकीची?

५ जानेवारी, सोमवार

यवतमाळहून घरी. घशातून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला, साधी निघाली. सुमननं दवाखान्याच्या पायरीवरच हात जोडले. मी बी जोडले, पण माझं ध्यान डॉ.च्या दुसऱ्या वाक्यात अडकलेलं. तीन आठवडे तोंडातून एक शब्द नाही. कुजबुज तर बिलकुलच नाही, त्यानं घशाले जास्त ताण येते म्हणे. आवाज पहिल्यासारखा होईन का, हे विचाराले तोंड उघडलं तर सुमननं सरळ हातच ठेवला तोंडावर. सगळ्या पेशंटायसमोर.

बावीस वर्षं राळेगाव स्टँडच्या माईकवर गाड्या पुकारल्या. कंट्रोलरचा आवाज गेला तर मंग राह्यलं काय? खुर्ची अन् रजिस्टर.

येताना पाटी-पेन्सिल घेतली. दुकानदार विचारते, "नातवाले काय, काका?" सुमन म्हणे, "नाही, यायच्यासाठीच." छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा पहिलीत नाव घातलं.

८ जानेवारी, गुरुवार

रजेवर. करमत नाही. क्वार्टर स्टँडच्या मागंच, भोंग्याचा आवाज थेट सयपाकघरात येते. सध्या माईकवर उईकेभाऊ. माणूस लाख मोलाचा, पण बोलते असा की गाडीच्या आधी यालेच कुठं जायचं आहे.

आज डाळ करपली. या हप्त्यात दुसऱ्यांदा. मी पाटीवर लिहिलं, 'ध्यान कुठं आहे?' सुमन भडकलीच.

"भोंग्यातच होतं ध्यान! तुमची पांढरकवडा झाली की मी डाळ मांडते, वर्धा झाली की उतरवते. उईके भावजी सारं एका दमात म्हणून टाकते. कोणची झाली, कोणची राह्यली, काहीच समजत नाही."

हे मले माहीतच नव्हतं. लिहिलं, 'तू ऐकते?'

"मंग! ऐकाले दुसरं आहे काय या घरात?"

हसून म्हणाली. मले हसू नाही आलं.

१२ जानेवारी, सोमवार

कामावर रुजू. नुसत्या नोंदी करायच्या. आली, गेली, गाडी नंबर, ड्रायव्हर-कंडक्टरचं नाव.

दुपारी उईकेभाऊ जेवाले गेलता अन् खिडकीवर एक म्हातारा आला. हातात दवाखान्याच्या कागदाची पिशवी. "वर्ध्याची गेली काय, भाऊ?" गाडी तीन नंबरले उभीच होती, कंडक्टर शिटी माराच्या बेतात. मी पाटीवर लिहिलं, 'उभी आहे, ३ नंबर, लवकर जा.' पाटी काचेला लावली. म्हातारा पाटीकडं पाहते, माझ्याकडं पाहते. मी हातानं दाखवलं, तिकडं, तिकडं. त्याले वाटलं साहेब हाकलून राह्यला. बिचारा दोन पावलं मागं सरकून उभा राह्यला, पिशवी छातीशी धरून. मी खुर्ची सारून बाहेर येईस्तोवर गाडी गेटाबाहेर.

मंग तो तिथंच बाकड्यावर बसला. दोन तास. मी चहा पाठवला, त्यानं घेतला, वरून मलेच नमस्कार केला.

लाज वाटून राह्यली. बावीस वर्षांत माझ्यासमोरून अशी गाडी कोणाची चुकली नव्हती. माझं अक्षर गिचमिड, म्हणून झालं हे. दुसरं काय.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सकाळपासून खिडकीवर रांग. "तिळगुळ घ्या, गोड बोला." "साहेब, गोड गोड बोला बरं." कळमच्या गाडीचा कंडक्टर तर तीनदा येऊन गेला, मुद्दाम. मुक्याले सांगते गोड बोल! मी सगळ्यायले पाटी दाखवली: 'उधारीवर.' टेबलावर तिळाच्या वड्यांचा ढीग झाला.

कॉलेजच्या पोरी बाकावर, माना खाली, फोनात. भोंग्याकडं कोणाचं लक्ष नाही. तिथंच, त्या फोनातच उत्तर असलं तर? चांगल्या टाईपाच्या अक्षरात. माझ्या गिचमिडात नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

ड्युटी सुटल्यावर मेन रोडच्या संगणक केंद्रात गेलतो. शिकवणाऱ्या प्राजक्ता मॅडम, वय असेन चोवीस-पंचवीस. मी पाटीवर लिहिलं, 'वेबसाईट बनवाची शिकाची आहे.' तिनं आधी पाटी पाहिली, मंग मले पाहिलं, मंग खुर्ची दिली. हे बरं. काही लोक पाटी पाहून माझ्याशी मोठ्यानं बोलते, जसा मी बहिराच होय.

तिनं कागदावर लिहून दिलं कुठं काय शिकायचं. एक हिंदीतली फुकट व्हिडिओंची मालिका, रोज दोन पाहायचे. एक अशी साईट की डावीकडं आपण लिहायचं अन् उजवीकडं तेच बनून दिसते. तिसऱ्या ओळीत लिहिलं: 'लोक.' मी बोट ठेवलं, म्हणजे?

"ते पुस्तक शेवटी वाचायचं, काका."

दोनशे पानी वही आणली, ही रोजची नोंद बी आता तिच्यातच. सुमननं वहीच्या पहिल्या पानावर कुंकू लावलं.

१८ जानेवारी, रविवार

सुट्टी. दिवसभर व्हिडिओ. तो हिंदीवाला पोट्टा भरभर बोलते, थांबवून थांबवून पाहा लागते. पण गंमत येऊन राह्यली. इथं एक शब्द बदलला की तिथं रंग बदलते. सुमन मागून पाहून गेली तीनदा.

माझं पहिलं पान तयार! वरती सरकती पट्टी, 'सुस्वागतम्'. तिच्याखाली गणपती. मंग डेपोच्या साहेबांचं नाव, मंग उईकेभाऊचं, सगळ्या कर्मचाऱ्यायची नावं ज्येष्ठतेनुसार, कोणाचा मान राहाले नको. मंग 'प्रवाशांच्या सेवेसाठी सदैव तत्पर'. मंग गाड्या, आपल्या रजिस्टरात आहे तशाच, फेरी नंबरानुसार, सारं लाल-पिवळं-हिरवं.

रात्रभराचं काम नाही, पण दिवसभराचं होय. छाती फुगली माझी.

१९ जानेवारी, सोमवार

मॅडमनं पान पाहिलं. तोंडावर हात ठेवून हसू दाबलं, पण मले दिसलं.

"काका, हे छान आहे. पण ही लग्नाची पत्रिका झाली. गाडी कुठं आहे?"

मी बोटानं सरकवत सरकवत खाली नेलं. चौथ्या वेळी गाडी आली.

"एवढ्यात गाडी जाईन, काका."

म्हातारा आठवला अन् मी मुकाट वही उघडली. तिनं सांगतलं, आता तिसरं पुस्तक. ज्याच्यासाठी बनवलं त्याच्या हातात फोन द्या अन् गप्प बसा. समजावायचं नाही, बोट दाखवायचं नाही, 'इथं दाबा' म्हणायचं नाही. तो कुठं अडते तेवढं पाहायचं. "इथं कोणालेच हे जमत नाही, काका, सगळे मधात बोलतेच—" अन् एकदम थांबली, माझ्या पाटीकडं पाहून. चेहरा पडला तिचा.

मी लिहिलं, 'मले जमते.'

दोघंबी लय हसलो. मी बिनआवाजाचा.

२० जानेवारी, मंगळवार

पहिली परीक्षा कमळामावशीची. गेटाजवळ पेरू विकते, वडकीची. रोज संध्याकाळी खिडकीवर येऊन एकच विचारते, "गेली काय वडकीची?" तिच्या पोरानं तिले मोठा फोन घेऊन देल्ला आहे, त्याच्यावर ती नातीले पाहते.

पत्रिका काढून टाकली होती मी. आता पहिल्याच झटक्यात गाड्यायची यादी. फोन तिच्या हातात देल्ला अन् माझ्यावतीनं उईकेभाऊनं सांगतलं, "मावशी, याच्यात वडकीची गाडी पाय."

मावशीनं हात लुगड्याले पुसला. पाहिलं. वर सरकवलं, खाली सरकवलं. माझ्या यादीत वडकी नाही! यादीत हिंगणघाट आहे, कारण गाडी हिंगणघाटची होय. वडकी मधातलं गाव. मले ओरडून सांगावंसं वाटलं, अवं मावशी, हिंगणघाट दाब, हिंगणघाट! टेबलाची कड धरून बसलो.

शेवटी तिनं फोन माझ्या हातात परत देल्ला अन् खिडकीतून विचारलं, "मले फोन नको बाप्पा. तुमीच सांगा, गेली काय वडकीची?"

घरी येताना रस्त्याभर डोक्यात तेच. कोणीबी टायमिंग विचारत नाही. बावीस वर्षं ऐकून राह्यलो अन् आज ऐकू आलं. लोक 'किती वाजता आहे' नाही विचारत, 'गेली काय' विचारते. अन् गाडीचं नाव घेत नाही, आपल्या गावाचं घेते. मी आजवर उत्तरं पुकारत गेलो, प्रश्न ऐकलाच नाही.

२१ जानेवारी, बुधवार

सारं खोडलं. नवीन पानाचं नाव: 'गेली काय?'

आता आधी गावं. वडकी, झाडगाव, सगळी. गाव दाबलं की एकच ओळ: 'उभी आहे' नाहीतर 'गेली' नाहीतर 'यायची आहे', सोबत फलाट नंबर. बाकी पान मोकळं. मोकळी जागा पाहून आधी जीव खालीवर झाला, इतकी जागा वाया! मॅडम म्हणे, अंगणात कोणी सामान भरते काय, काका? पटलं.

गाडी सुटली की मी रजिस्टरात नोंद करतोच, तेव्हाच फोनावर एक बटण दाबायचं, पान बदलते. ते जोडून मॅडमनंच देल्लं. साहेबांनी सांगतलं, आपलं खासगी म्हणून करा, अन् खाली एक ओळ टाका, 'खिडकीवर खात्री करून घ्या.' टाकली.

२३ जानेवारी, शुक्रवार

सुमनचं हळदीकुंकू. तिनंच डोकं चालवलं. "इतक्या बाया आयत्या घरात येऊन राह्यल्या, तुमची परीक्षा घ्या ना." वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या, झाकणाच्या आत पानाचा चौकटीवाला कोड चिकटवलेला. फोन त्याच्यासमोर धरला की पान उघडते. मी सोफ्याच्या कोपऱ्यात पाटी घेऊन, एकटा बाप्या. बाया कुंकू लावून घेते, डबी घेते, अन् मंग सुमन हातात फोन देते.

गावं सगळ्यायले सापडली. पण एक भानगड. 'गेली' हे मी लाल केलं होतं. व्हिडिओत सांगतलं होतं, लाल म्हणजे थांबा, संपलं. झाडगावच्या मास्तरीणबाई लाल पाहून म्हणते, "लागली वाटते गाडी." दुसरी म्हणे, "हो, लाल दिसून राह्यली." तिसरीनं पिशवीच उचलली!

अरे हो ना. आपल्याकडं गाडीच लाल. लाल दिसलं म्हणजे गाडी आली, शेंबडं पोरगं सांगीन. हे त्या हिंदीवाल्याले कुठून ठाऊक.

'उभी आहे' लाल केलं, 'गेली' धुळीच्या रंगाचं. रस्त्यावर मागं तेवढीच राहते.

सुमन सगळ्यायले सांगत होती, "यायनं केलं. स्वतः शिकून." आठ-दहा वेळा तरी सांगतलं. मी पाटीमागं तोंड लपवलं.

२४ जानेवारी, शनिवार

कमळामावशी पुन्हा. वडकीसमोर बोट आलं, पण थांबलं. मी अक्षर अजून मोठं केलं. अजून मोठं. एका शब्दानं सारी काच भरली.

"साहेब, कितीबी मोठं करा. अक्षर ते अक्षरच होय ना. मले कुठं येते वाचता?"

गावाचं नाव तिनं आकारावरून ओळखलं होतं, गाडीवरच्या पाटीवर रोज पाहून. पण 'उभी' अन् 'गेली' तिले सारखंच.

म्हणजे तो म्हातारा. माझं अक्षर गिचमिड नव्हतं. त्याले वाचताच येत नव्हतं, अन् मी काचेला पाटी लावून उभा होतो. दहा दिवस वहीत लिहून राह्यलो की लोकायच्या सोयीचं, लोकायच्या सोयीचं.

मॅडम म्हणे, मंग पानाले आवाज द्या, काका.

आवाज! कोणाले सांगते बाई.

२७ जानेवारी, मंगळवार

यवतमाळ. डॉ.नं दुर्बीण टाकून पाहिलं. सूज अजून आहे. आणखी दोन हप्ते मौन. पाटीवर विचारलं, 'माईक?' डॉ. म्हणे, "आताच नाही सांगता येणार. कदाचित माईकशिवायचं काम पाहावं लागेल."

परतीच्या गाडीत खिडकीजवळ बसलो. सुमननं माझा हात मांडीवर घेतला अन् राळेगावपर्यंत सोडला नाही. भीती वाटून राह्यली. आवाजाशिवाय मी कोण? रजिस्टरात सही करणारा एक माणूस.

२८ जानेवारी

काही नाही. व्हिडिओ नाही, वही नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

मॅडमनं काँप्युटरच्या आवाजाची सोय करून पाठवली, आपण लिहायचं अन् तो बोलते. दुपारी घरी लावून पाहिली. कोणी बाई बोलते, पण 'वडकी' असं म्हणते जसं तिनं कधी चिखल पाहिलाच नाही.

सुमन कणीक मळत होती. हसाले लागली. म्हणे, "असं नाही बाई." अन् मळता मळताच, खाली मान घालून—

आधी बारीक खाकरली. मंग: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. हिंगणघाटकडे जाणारी गाडी..." थांबली. मोजून थांबली. "...व्हाया वडकी, फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे."

तो खाकरा माझा होता. मी दर वेळी खाकरतो हे मले माहीत नव्हतं. 'व्हाया'च्या आधी थांबतो हे बी नव्हतं माहीत.

लिहिलं, 'अजून?' तिनं वर्धा म्हटली. पांढरकवडा म्हटली. एकामागून एक, दिवसभराच्या, बरोब्बर क्रमानं, रजिस्टर न पाहता. कणकेचे हात तसेच.

"अन् शेवटची गाडी तुम्ही दोनदा पुकारता," म्हणे. "बाकी साऱ्या एकदाच. दुसऱ्यांदा जराशी हळू. मले वाटे, कोणी राह्यलं असीन तर त्याच्यासाठी म्हणता."

हो. त्याच्यासाठीच म्हणतो.

आता खरं लिहितो, वही माझीच आहे. मी घरी येऊन कधी बोललोच नाही. दिवसभर ओरडून आलो, आता मले बोलवू नको, असं म्हणून ताटावर बसायचो अन् झोपायचो. बावीस वर्षं. परक्या माणसायले आवाज देल्ला, अन् हिच्या वाट्याले भोंगा आला. तिनं तो बी जपून ठेवला.

पाटी खाली ठेवली. उठून तिच्या हातावर पाणी घातलं.

१ फेब्रुवारी, रविवार

रेकॉर्डिंग. मॅडम घरी आल्या. सांगतलं, शांत खोली पाहिजे. स्टँडच्या मागं शांत खोली! शेवटी कपड्यायच्या अलमारीची दारं उघडून सुमनले तिच्यात तोंड करून बसवलं, वरून माझी शाल. आधी लाजत होती, "मले नाही जमणार, लोक हसतीन." मी गाव अन् फलाट नंबर पाटीवर दाखवायचो, ती बोलायची. आयुष्यात पहिल्यांदा मी तिले इशारा करून राह्यलो अन् ती पुकारून राह्यली.

'गेली' म्हणायची वेळ आली तेव्हा अडली. "नुसतं 'गेली' म्हणू? माणूस तिथं उभा राहीन ना." तिनं आपल्या मनानं जोडलं: "गेली बरं, पण घाबरू नका. पुढची आहे." अन् शेवटच्या गाडीले: "आजची शेवटची गेली. स्टँडवर एकटं थांबू नका, ओळखीच्या घरी फोन लावा."

मॅडम म्हणाल्या, "काकू, हे लांब होते." मंग स्वतःच म्हणाल्या, "राहू द्या. मी हे वर्गात शिकवते, माणसाले बंद दारासमोर सोडायचं नाही. पण मले असं लिहिता नसतं आलं."

झाडगावच्या वेळी कुकरची शिटी झाली. सुमन म्हणे पुन्हा घेऊ. मी मान हलवली. राहू दे.

४ फेब्रुवारी, बुधवार

पान चालू. आवाजाच्या बटणावर मॅडमनं ते नेहमीचं स्पीकरचं चिन्ह टाकलं होतं, कमळामावशीले वाटलं उदबत्ती होय. मी स्वतः काढलं, आपल्या खांबावरचा भोंगा, जसाच्या तसा. मावशीनं पाहताच दाबलं.

"गेली काय वडकीची" हे आज तिनं मले नाही विचारलं. गेटाजवळ बसून भोंगा दाबला, ऐकलं, टोपली आवरली, तीन नंबरवर गेली. जाताना खिडकीपाशी थांबली. "साहेब, ही बाई कोण होय? लय मायेनं सांगते."

उईकेभाऊ म्हणे, "साहेबायच्या घरची."

"मंग साहेबायले बोलायची गरजच काय," म्हणत गेली. उईकेभाऊ हसला. मी बी. पण घरी येईस्तोवर टोचत राह्यलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

तो म्हातारा आला! तीच पिशवी. मी ताडकन उठलो. आज त्याले दाखवीन म्हटलं. त्यानं खिशातून फोन काढला, बटणाचा. जुना. रबर लावलेला.

खल्लास. माझं पान त्याच्यात उघडतच नाही. इतकं शिकलो, इतकं खोडलं, अन् ज्याच्यापायी केलं त्याच्याच हातात पोचलं नाही.

तेवढ्यात गेटाकडून कमळामावशीनं हाक मारली. "ओ बाबा, इकडं या! कुठं जायचं? वर्धा?" तिनं भोंगा दाबला अन् फोन त्याच्या कानाले धरला. बाबा मान हलवत ऐकत होता, डोळे बारीक करून. मंग बरोबर दोन नंबरवर जाऊन उभा राह्यला. आज गाडी तिथं लागणार होती.

मावशी सांगते, दिवसातून पंधरा-वीस जण येते तिच्याकडं. आता पेरूसंगं गाड्या बी. मॅडमले लिहून दाखवलं, हे तुमच्या व्हिडिओत नव्हतं. एक फोन धरणारा, बाकी ऐकणारे. तिनं माझी वही मागितली, वर्गात वाचून दाखवते म्हणे. देईन. २९ जानेवारीचं पान सोडून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

यवतमाळ. सूज उतरली. डॉ. म्हणे, "आ म्हणा." म्हटलं. जुन्या फाटक्या धोतरासारखा आवाज निघाला. सुमननं माझ्याकडं पाहिलं नाही, पदराशी खेळत बसली.

रोज पाच मिनिटं. हळू. कुजबुज नाही, ओरडणं नाही. माईकचं महिन्यानंतर पाहू. परत 'पाहू'.

आजची पाच मिनिटं सोडून देल्ली. गाडीत, लोकायमधात, नाही वापरली. लिहून सांगतलं तिले: 'उद्या. घरी.'

११ फेब्रुवारी, बुधवार

उईकेभाऊले पाटीवर लिहिलं, 'जरा घरी जाऊन येतो.' तो म्हणे, "जा जा, भाऊ. पाच मिनिटंच तर आहे."

सुमन ओट्यापाशी. डाळ शिजत होती. तिनं फोनात पाच मिनिटं लावली अन् फोन मिठाच्या डब्याले टेकवून ठेवला. मी पाटावर बसलो. खाकरलो.

"सुमन."

"हं."

बस. पुढचं येईच ना. काल दिवसभर ठरवलं होतं, हे बोलीन, ते बोलीन. बावीस वर्षांचं साचलेलं. सारं घशात येऊन उभं राह्यलं, पुढं कोण सरकन यावर अडलं. ती बी माझ्यासारखीच. पदरानं हात पुसते, परत पुसते. भोंग्यातून उईकेभाऊ ओरडला, कळम गेली. आकडा तीनवर आला, मंग दोनवर.

"वाया चालली ना तुमची मिनिटं," ती म्हणाली. डोळे भरून आलते तिचे.

मी मान हलवली. वाया नाही.

मंग तिनं काय केलं, ओट्यामागं उभी राह्यली, दोन्ही हात कडप्प्यावर ठेवले, खिडकीत वाकते तशी थोडीशी वाकली, अन् पदर सावरून, एकदम कमळामावशीच्या सुरात विचारलं,

"साहेब, गेली काय वडकीची?"

हसू आलं मले. आवाज फाटकाच निघाला, पण निघाला.

"नाही गेली," म्हटलं. "उभी आहे अजून."

एक मिनिट शिल्लक होतं.